आधी शेवटपर्यंत आइक!

“काऊन वं, हे गानं सुरू कवा होते?”

आमच्या रूममध्ये हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारी माझी संग्रामपूरकडची पार्टनर, आणि खरं सांगायचं तर प्रश्न रास्त असतो. कारण स्पीकरवर त्या वेळी ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ चालू असते आणि त्यात गायक तोंड उघडतो तो साडेआठ मिनिटांनंतर! तेवढ्या वेळात मेसमधली पोळ्यांची रांग संपते. दुसऱ्या पार्टनरचे मत याहून स्पष्ट आहे. ती म्हणते, हे गाणं नाहीच, कोणीतरी गिटार लावत बसलंय आणि तू त्याचे पैसे भरतेस.

तर मित्र-मैत्रिणींनो (आणि हा अंक चाळणाऱ्या सर-मॅडमनो), पिंक फ्लॉइड हे प्रकरण नेमके काय आहे ते एकदाच नीट सांगून टाकावे, म्हणून हा खटाटोप. आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. शाळेच्या व्हरांड्यात मराठी बोललं की डायरीत रिमार्क यायचा. त्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाने घेतली आहे. इंग्रजी विभागात लिहिणं मला सोपं गेलं असतं. मराठीत लिहिण्याला एक कारण आहे, ते पुढे येईल.

या सगळ्याला जबाबदार माझा मामा. मामा नव्वदच्या दशकात अमरावतीला इंजिनिअरिंगला होता. तिथून त्याने डिग्री आणली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा कॅसेट्स आणल्या. आजी म्हणते, डिग्रीपेक्षा डबा जास्त जपला. मी सातवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत, भर दुपारी कूलरसमोर, त्याने तो डबा पहिल्यांदा माझ्यासमोर उघडला. पेन्सिल घालून रीळ सारखे केले, टेप लावला. दोन मिनिटांत मी म्हटलं, “मामा, पुढे कर ना.” मामा म्हणाला, “आधी शेवटपर्यंत आइक, मंग बोल.” त्या डब्याचा हा एकच नियम. गाणं पुढे ढकलायचं नाही, मध्ये बंद करायचं नाही, एक अख्खी बाजू ऐकायची. त्या दिवशी मी झोपून गेले, हेही सांगते. पण झोपेतून उठले तेव्हा तीच बाजू परत चालू होती, आणि ती मला ओळखीची वाटली.

आता जरा थिअरी. साठच्या दशकापर्यंत रेडिओवरचं गाणं तीन मिनिटांचंच का असायचं? सात इंची तबकडी मिनिटाला ४५ फेरे घ्यायची, आणि तिच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. म्हणजे गाण्याची लांबी तबकडीच्या मापावरून ठरली होती. मग बारा इंची लाँग प्ले आली. तिच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे बसतात. सुरुवातीला लोक त्यावर तीन मिनिटांची सहा-सात गाणी शेजारी शेजारी भरायचे, पेपरच्या आदल्या रात्री चिठ्ठ्या भरतात तशी. साठचे दशक संपता संपता इंग्लंडमधल्या काही पोरांना वाटलं की अख्खी बाजूच एक रचना का असू नये? त्यातून जे आलं त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. किंग क्रिमझन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल ही त्या घराण्याची नावे. यांना ताल बदलायचा असायचा, गाण्यात गोष्ट सांगायची असायची, ऑर्गनपासून बासरीपर्यंत काहीही वाजवायचं असायचं. (काहींनी अतिही केलं. चाळीस मिनिटांपैकी तीस मिनिटे नुसतं बोटांचं कसब. ते मी तुम्हाला ऐकवणार नाही.)

आपल्याला खरं तर यात नवल वाटायला नको. माझे आजोबा रेडिओवर भीमसेन जोशींचा मोठा ख्याल ऐकायचे, तेव्हा पहिली दहा मिनिटे शब्द जवळजवळ नसायचेच. “आजोबा, गाणं कधी सुरू होणार?” असं विचारलं तर ते म्हणायचे, सुरूच आहे. संग्रामपूरच्या बाईसाहेबांना मी हेच उत्तर देते, पण त्यांना अजून पटलेलं नाही.

पिंक फ्लॉइड लंडनमध्ये १९६५ साली जमली. रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे तिघे कोण होते? रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकणारी पोरं! म्हणजे आपल्यासारखीच शीटवाली जमात. चौथा सिड बॅरेट, केंब्रिजचा, चित्रकला शिकणारा. बँडचं नाव त्याचंच. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची नावे त्याने जोडली. पहिला अल्बम १९६७ चा, त्यातली बहुतेक गाणी सिडने लिहिली. आणि १९६८ च्या एप्रिलपर्यंत सिड बँडच्या बाहेर होता. डोकं ठिकाणावर राहीना. एलएसडी होतं, आणखीही काही असेल. स्टेजवर एकच सूर धरून उभा राहायचा, कधी वाजवायचाच नाही. त्याच्या जागी डेव्हिड गिलमोर आला. सिडबद्दल पुन्हा बोलायचं आहे, म्हणून इथे थांबते.

१९७१ च्या ‘मेडल’ अल्बमवर ‘एकोज’ नावाची साडेतेवीस मिनिटांची रचना आहे, पूर्ण एक बाजू. तिची सुरुवात एका ‘टिंग’ने होते. पाण्याखाली सोनारसारखा आवाज. तो आहे साधा पियानोचा एक सूर, लेस्ली स्पीकरमधून काढलेला. लेस्लीच्या पेटीत भोंगा गोल फिरतो. तो आपल्याकडे येताना सूर किंचित चढतो, दूर जाताना उतरतो. डॉप्लर इफेक्ट, फिजिक्स, फर्स्ट इयर! मी हा इफेक्ट स्टेशनवरच्या न थांबणाऱ्या गाडीच्या उदाहरणाने पाठ केला होता, पण कळला तो या ‘टिंग’मुळे.

मग मार्च १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आला. दहा तुकडे, सगळे एकमेकांत मिसळलेले, एकूण त्रेचाळीस मिनिटे. सुरुवातीला हृदयाचे ठोके, शेवटीही तेच. विषय काय? वेळ, पैसा, मरण, वेड. प्रेमाचं गाणं एकही नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता. आपली चार वर्षांची डिग्री साडेतीन वेळा पूर्ण होईल एवढा काळ!

ज्यांना संगीतात रस नाही त्यांनी यातली इंजिनिअरिंग तरी पाहावी. ‘मनी’ गाण्याच्या सुरुवातीला नाण्यांचा खुळखुळाट, कागद फाटण्याचा आवाज, गल्ल्याची खटक, असे सात आवाज तालात येतात. कॉम्प्युटर नव्हता. प्रत्येक आवाज वेगळा टेपवर घेतला, पट्टीने मोजून टेपचे सारख्या लांबीचे तुकडे कापले, एकापुढे एक चिकटवले आणि दोन टोके जोडून माळ केली. हिशेब सोपा आहे. समजा टेप सेकंदाला १५ इंच धावते आणि एक मात्रा अर्ध्या सेकंदाची हवी आहे. तर एक तुकडा साडेसात इंचाचा, आणि सात मात्रांची माळ साडेबावन्न इंचाची. एवढी लांब माळ मशीनवर मावत नाही, म्हणून ती माइकच्या स्टँडला वळसा घालून फिरवायची. वर्कशॉपच्या जॉबमध्ये माझी फाइल अर्धा मिलिमीटर चुकली तर जॉब परत मिळतो. इथे तुकडा चुकला असता तर ताल चुकला असता.

आणि हो, सात मात्रा! रॉकमध्ये जिकडे तिकडे चारचा हिशेब असतो. ‘मनी’ सातात आहे. आपल्याकडे सात मात्रा म्हणजे रूपक, तीन-दोन-दोन. त्यांचे वजन रूपकासारखे पडते असं मी म्हणत नाही, मात्रा सात आहेत एवढंच. रूपकातल्या गझला आणि भावगीतं ऐकून वाढलेल्या आपल्या कानाला त्यात अडखळायला होत नाही. मधल्या गिटारच्या तुकड्यात मात्र ते चारात येतात आणि मग परत सातात जातात. मोजून बघा. मी मेसच्या टेबलावर चमच्याने मोजून दाखवलंय, रेक्टर मॅडमनी चमचा काढून घेतला तो भाग वेगळा.

याच अल्बमवर क्लेअर टोरी नावाची गायिका एकही शब्द न उच्चारता गाते. मरणाबद्दलचा तुकडा आहे. शब्द नाहीत, नुसता आवाज, कधी रडल्यासारखा, कधी भांडल्यासारखा. तिला त्या रविवारच्या कामाचे ३० पौंड मिळाले होते. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि आता त्या रचनेवर राइटबरोबर तिचंही नाव असतं. बत्तीस वर्षांनी का होईना.

कव्हरवरचा प्रिझम तर सगळ्यांनी टी-शर्टवर पाहिला आहे. आमच्या होस्टेलमध्येच चार आहेत, त्यातल्या तिघींना तो फिजिक्सवाला टी-शर्ट वाटतो. त्यात रंग मोजा, सहाच आहेत. पारवा गाळलाय.

आता नावाबद्दल. चंद्राची पलीकडची बाजू अंधारी नसते. चंद्र स्वतःभोवती आणि पृथ्वीभोवती एकाच वेळात, सत्तावीस दिवसांहून थोड्या जास्त काळात फिरतो, म्हणून आपल्याला कायम एकच बाजू दिसते. पलीकडे ऊन तेवढंच पडतं. ती आपल्याला दिसत नाही, एवढंच. अल्बमच्या अगदी शेवटी स्टुडिओचा दरवान या काळ्या बाजूबद्दलच शंका काढतो, आवाज खूप वाढवला तर ऐकू येतो. जानेवारी २०१९ मध्ये चीनचं चांग-ई ४ पहिल्यांदा त्या बाजूला उतरलं, तेव्हा मामाने मला रात्री फोन केला होता. जणू त्याच्याच सासरी कोणी गेलं होतं!

आपल्या जिल्ह्याचंही चंद्राशी नातं आहे बरं का. लोणारचं विवर बेसॉल्टमध्ये पडलेलं आहे, आणि चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच. म्हणून चंद्रावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ आपल्या लोणारला येतात. १९७१ मध्ये या बँडने इटलीत पाँपेईच्या प्राचीन रंगमंडलात एकही प्रेक्षक नसताना वाजवलं आणि त्याचा सिनेमा केला. लोणारच्या काठावर उभं राहिलं की मला नेहमी वाटतं, जागा चुकली राव तुमची. जून २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा मामाचा मेसेज आला, “पिंक झालं, आता फ्लॉइड येनं बाकी हाये.”

मामाने त्यांना, म्हणजे त्यांच्यातल्या एकाला, पाहिलं आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्सने मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या मैदानावर हा अख्खा अल्बम वाजवला. मामा मलकापूरहून विदर्भ एक्सप्रेसने जनरलमध्ये उभा राहून गेला आणि दुसऱ्या रात्री तसाच परत आला. मामीला ऑफिसचं काम सांगितलं होतं. (मामी, अंक तुमच्या हाती लागला तर माफ करा, आता अठराहून जास्त वर्षे झाली.)

‘अ‍ॅनिमल्स’ १९७७ चा. कव्हरवर लंडनचं बॅटरसी पॉवर स्टेशन, चार धुराडी, आणि त्यांच्यामध्ये हवेत तरंगणारं डुक्कर. डुक्कर खरंच फुगवून उडवलं होतं. ३ डिसेंबर १९७६ ला दोर तुटला आणि ते विमानांच्या वाटेत शिरून केंटच्या एका शेतात जाऊन पडलं. मला पारसची धुराडी रेल्वेतून दिसली की हेच आठवतं. इलेक्ट्रिकलवाल्यांच्या व्हिजिटला मी घुसले होते. २५० मेगावॉटचे दोन संच बघताना गाइड काय सांगत होता त्याकडे लक्ष नव्हतं, वर डुक्कर शोधत होते. बॅटरसी १९८३ मध्ये बंद पडलं, २०२२ पासून तिथे दुकानं आणि ऑफिसं आहेत. आपलं पारस अजून वीज काढतंय.

१९७९ च्या ‘द वॉल’बद्दल फार लिहीत नाही. होस्टेलमध्ये सगळ्यांना तेवढंच एक गाणं माहीत असतं, ते शाळेच्या विरोधातलं. लंडनच्या एका शाळेतल्या मुलांनीच ते गायलं, आणि १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध बहिष्कार टाकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते उचललं म्हणून सरकारने त्यावर बंदी घातली. तिथे त्याला अर्थ होता. आपल्याकडे प्रॅक्टिकल बंक करताना ते गातात. माझं मत विचाराल तर दोन तबकड्यांचा हा अल्बम एका तबकडीत बसला असता.

राहिला १९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’. याच्यासाठी हा लेख मराठीत आहे.

फर्स्ट इयरला माझी पार्टनर दुसरी होती. घाटाखालच्या एका गावाची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकलेली, दहावीला तालुक्यात वरच्या नंबरात. मी रात्री हा अल्बम लावायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, “सुरुवातीला ते जलतरंग हाये का?” मी कॉन्व्हेंटच्या आत्मविश्वासाने सांगितलं, छे, तो सिंथेसायझर आहे. मग शोधलं तर काय! त्याआधी या लोकांनी घरातल्या वस्तूंवरच एक अल्बम करायचा प्रयत्न केला होता. तो बारगळला. पण काचेच्या पेल्यांच्या कडांवर ओलं बोट फिरवून काढलेले सूर शिल्लक होते, ते त्यांनी इथे सुरुवातीला मिसळले. तिने आकाशवाणीवरच्या जलतरंगाच्या आठवणीवरून ते ओळखलं होतं.

मग ती रोज म्हणायची, पेलेवालं लाव. आणि विचारायची, काय म्हणते वं तो त्याच्यात? मराठीत सांग ना, मले समजंल. मी दोन वाक्यं मराठीत सांगायचे आणि मग इंग्रजीत घसरायचे. ती मान हलवायची. वर्गातही तिचं तसंच चाललं होतं हे मला कळायला हवं होतं. गणित तिचं माझ्यापेक्षा चांगलं, पण प्रश्न इंग्रजीत, सरांची शंका इंग्रजीत, व्हायवा इंग्रजीत. दुसऱ्या सेमला ती सकाळी उठेनाशी झाली. आम्ही म्हणायचो, आळशी आहे. मेसला येईना, आम्ही म्हणायचो, डाएट करते. मे महिन्यात तिचे वडील येऊन ट्रंक घेऊन गेले. आम्ही तिच्या कॉटवर ड्रॉइंग बोर्ड ठेवायला लागलो.

आता त्या गाण्यात काय म्हटलंय ते. ते सिडबद्दल आहे. एकेकाळी झळकणाऱ्या, मग हरवलेल्या मित्राला हाका मारणारं सव्वीस मिनिटांचं गाणं, अल्बमच्या दोन टोकांना अर्धं-अर्धं ठेवलेलं. मध्ये गाणी बसवलीत पैसेवाल्या म्युझिक कंपन्यांवर आणि एक, जे नावाचं गाणं आहे, नुसतं ‘तू इथे हवा होतास’ या भावनेवर. ते सुरू होतं कारच्या रेडिओतून आल्यासारखं, खरखरत, कारण तो भाग खरोखर गिलमोरच्या कारमधल्या रेडिओवरून घेतला आहे. ५ जून १९७५ ला ते स्टुडिओत याच अल्बमवर काम करत होते तेव्हा एक जाडा, डोकं आणि भुवयाही भादरलेला माणूस येऊन उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, कोणीतरी स्टाफपैकी असेल. बऱ्याच वेळाने ओळख पटली. सिड होता. ज्याच्यावर गाणं चाललं होतं तोच समोर, आणि चौघांपैकी एकालाही पहिल्या नजरेत कळलं नाही. वॉटर्सला रडू आलं. त्यानंतर बँडमधल्या बहुतेकांची त्याच्याशी भेट झाली नाही. जुलै २००६ मध्ये केंब्रिजला तो वारला.

एवढंच मला मराठीत सांगायचं होतं, आणि दोन वर्षे लागली. मागच्या महिन्यात तिला फोन केला. आता ती तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गणित घेऊन. लेखाचं विचारलं तर म्हणाली, “लिही, पन पेल्याचं मी वळखलं हे लिहिजो.” लिहिलंय. अंक निघाला की एक प्रत पोस्टाने जाईल.

बाकी ज्यांना ऐकायचं आहे त्यांच्यासाठी: सुरुवात ‘विश यू वेअर हिअर’ने करा, ‘द वॉल’ने नको. मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन उसना घ्या. शनिवारी रात्री मेसनंतर साडेनऊला माझ्या रूममध्ये लावते, चटई आपापली आणायची, शेगावची कचोरी कोणी आणली तर स्वागत आहे. मुलांना आमच्या होस्टेलमध्ये अर्थातच प्रवेश नाही. त्यांनी त्यांच्याकडे बरोबर साडेनऊला बटण दाबावं, म्हणजे दोन्हीकडे एकाच वेळी चालेल. गायक नऊ वाजून अडतीस मिनिटांनी, नाही, थोडा आणखी उशिराच सुरू होईल. तोपर्यंत कोणी विचारायचं नाही.